'रामसेस' की 'रामेसेस': एका नावाचा फलक करतानाच्या नोंदी

काम असं: वाचनालयातल्या लिपी-प्रदर्शनासाठी १२०० × ६०० मिमीचा एकच फलक. त्यावर 'रामसेस' हे प्राचीन इजिप्तच्या राजाचं एकच नाव पाच ओळींत: चित्रलिपी, क्यूनिफॉर्म (ओल्या मातीवर उमटवायची खिळ्यांसारखी लिपी), हिब्रू, ग्रीक आणि देवनागरी. हे नाव म्हणजे एक शब्द नाही, तीन शब्दांचं आख्खं वाक्य आहे. रा (सूर्यदेव) + मेस (जन्म देणारा) + सू (त्याला), म्हणजे 'त्याला जन्म दिला तो रा-ने'. तीन शब्दांना तीन रंग, तांबडा, निळा आणि हिरवा. पाचही ओळींत नाव कुठे जोडलंय ते लांबूनच दिसावं, एवढीच अपेक्षा. अंदाज होता दोन आठवडे आणि चार हजार रुपये. लागले जवळपास सहा आठवडे आणि सात हजार तीनशे. जास्तीचा वेळ कुठे गेला त्याच्या या नोंदी.

४ जून

चित्रलिपीपासून सुरुवात. इजिप्तच्या चिन्हांना गार्डिनर या अभ्यासकाच्या यादीतले क्रमांक असतात. आपल्याला लागणारी चिन्हं चारच: एन ५ (मधे ठिपका असलेलं वर्तुळ, म्हणजे सूर्य), एफ ३१ (एकत्र बांधलेली कोल्ह्याची तीन कातडी), एस २९ (घडी घातलेलं कापड) आणि एम २३ (एक गवताळ रोप).

'जेसेश' हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं. उच्चाराची कोडं टाइप केली की चिन्हं उमटतात. आडव्या रेघेने पुढचा गट सुरू होतो, विसर्गासारख्या दोन टिंबांनी चिन्ह खाली जातं. 'एसव्हीजी' (रेषाचित्राची फाइल) मिळते, ती थेट कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. फॉन्ट वापरून वर्डमध्ये टाइप करण्याच्या फंदात पडू नका. युनिकोडमध्ये ही लिपी २००९ पासून आहे, पहिल्याच खेपेला १०७१ चिन्हं आली. पण चिन्हं एकाखाली एक रचणारी नियंत्रक चिन्हं बरीच नंतर आली आणि बहुतेक सॉफ्टवेअर त्यांना अजून दाद देत नाहीत. सगळी चिन्हं मालगाडीच्या डब्यांसारखी एका ओळीत उभी राहतात. यात अर्धा दिवस गेला.

राजाचं नाव दोरीच्या लंबगोल वेढ्यात असतं, ते कार्तूश. नेपोलियनच्या सैनिकांना तो आकार बंदुकीच्या काडतुसासारखा वाटला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. आपलं 'काडतूस' याच युरोपीय शब्दाचं भावंड.

७ जून

पहिली मोठी चूक. चिन्हं रंगवताना आम्ही एकेक चिन्ह मोजून उच्चार लिहिला: रा, म्स, स, सू. ओळीखाली छापायला 'राम्ससू' तयार. एक 'स' जास्त.

एफ ३१ हे दोन व्यंजनांचं चिन्ह आहे, 'म' आणि 'स' दोन्ही त्याच्या पोटातच आहेत. पुढचं कापडाचं चिन्ह नवा 'स' नाही. आधीच्या चिन्हाचा शेवट 'स' आहे एवढंच ते वाचणाऱ्याला सांगतं. म्हणून ते निळ्यात हवं, हिरव्यात नाही. हिरवं फक्त रोप.

यातला गमतीचा भाग असा, की ही लिपी उलगडणारा खुद्द शांपोलियन याच चिन्हाशी उलट बाजूने अडखळला होता. १८२२ च्या सप्टेंबरात त्याच्या हाती अबू सिम्बेलच्या देवळातली रेखाटनं आली. एका कार्तूशमध्ये सूर्य, मग अनोळखी चिन्ह, मग दोन 'स'. टॉलेमी या राजाच्या आधीच वाचलेल्या नावावरून 'स' त्याला ठाऊक होता. कॉप्टिकमध्ये (इजिप्तच्या भाषेचं शेवटचं रूप) सूर्याला 'रे' म्हणतात हेही ठाऊक होतं. चित्रलिपी आणि ग्रीक दोन्ही असलेल्या रोझेटा शिलालेखात तेच अनोळखी चिन्ह जन्मदिवसाच्या ग्रीक शब्दासमोर येतं, आणि कॉप्टिकमध्ये जन्म देणं म्हणजे 'मिसे'. नाव सुटलं. पण चिन्हाची किंमत त्याने नुसती 'म' धरली. ते 'म्स' आहे आणि पुढचा 'स' केवळ पूरक आहे, हा उलगडा लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने १८३७ मध्ये केला. उत्तर बरोबर आणि आकडेमोड चूक, असं शाळेत आपलंही व्हायचं.

दुसरी ताकीद: अबू सिम्बेलसारखं दोन कापडांचं लेखन आणि कापड-रोपाचं लेखन, दोन्ही रामसेस दुसऱ्याच्याच वास्तूंवर सापडतात. दोन्ही बरोबर. दोन कापडांच्या लेखनात पहिलं कापड निळं, दुसरं हिरवं. आम्ही रोपाचं घेतलं, कारण तीन शब्दांना तीन वेगळे आकार मिळतात.

१० जून

मथळ्यात 'रामसेस दुसरा' लिहून ठेवलं होतं. खोडावं लागलं. या नावाचे अकरा राजे होऊन गेले. नुसत्या जन्मनावावरून त्यातला कोणता ते कळत नाही, त्यासाठी राज्याभिषेकाच्या नावाचं वेगळं कार्तूश लागतं. दुसऱ्याचं ते 'उसेरमाअतरे सेतेपेनरे'. तिसऱ्याचंही 'उसेरमाअतरे'नेच सुरू होतं, त्यामुळे अर्धं वाचूनही भागत नाही.

दोन्ही कार्तूश शेजारी घालून पाहिली आणि नवाच घोळ निघाला. 'उसेरमाअतरे'मध्ये रा शेवटी वाचायचा, पण लिहायचा सर्वांत आधी, कारण देवाला पहिला मान. 'मेरीअमुन' (अमुन देवाचा लाडका) या बिरुदातही अमुन पुढे जाऊन बसतो. आमचे रंग लिहिण्याच्या क्रमाने भरलेले, म्हणून बिरुद उलटं झालं. जन्मनावात रा मुळातच पहिला आहे, तिथे ही भानगड नाही. शेवटी फलकावर फक्त जन्मनाव ठेवलं, बिरुद नाही, आणि मथळ्यातून 'दुसरा' काढलं.

१४ जून

चित्रलिपीत स्वर लिहिलेलेच नाहीत. र, मग घशातून येणारा 'ऐन', म, स, स, व, इतकीच सामग्री. पुस्तकांतले 'मेस'मधले 'ए' अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले. खरे स्वर हवे असतील तर बाहेरचा साक्षीदार लागतो. तो तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे सापडला, म्हणजे हित्ती लोकांच्या राजधानीत, हत्तुशात. रामसेस दुसरा आणि हित्ती राजा हत्तुशिली तिसरा यांच्यात इ.स.पू. १२५९ च्या सुमारास तह झाला. त्याची अक्कडी भाषेतली (तेव्हाच्या दरबारी पत्रव्यवहाराची भाषा) प्रत आणि दोन्ही दरबारांचा पत्रव्यवहार मातीच्या विटांवर तिथे मिळाला. क्यूनिफॉर्म स्वरांसकट लिहिते. त्यात नाव आहे: रि-अ-म-शे-श.

फलकातली सगळ्यात मोलाची ओळ ही. नाव राजाच्या हयातीत, राजाच्याच कचेरीतून, ऐकू येईल तसं उतरवलेलं. पुढे 'माइ अमन' येतं, म्हणजे अमुन नंतर वाचायचा हेही पक्कं. राज्याभिषेकाचं नाव तिथे 'वश्मुअरिअ' झालंय. 'उसेर'मधला र आणि 'माअत'मधला त बोलण्यात तेव्हाच गळून गेले होते. याच नावाचं ग्रीक रूप 'ओसिमांड्यास'. कॉलेजात इंग्रजी कविता शिकलेल्यांना त्याचा 'ओझिमांडियस' आठवेल. तो आणि रामसेस एकच माणूस.

१८ जून

क्यूनिफॉर्मची ओळ. पाच अक्षरचिन्हं आणि त्याआधी एक उभी खूण, जी 'पुढे पुरुषाचं नाव आहे' एवढंच सांगते आणि वाचायची नसते. ती राखाडी केली. पहिल्या मसुद्यात तांबडी झाली होती आणि रा-चे तीन तुकडे दिसत होते.

फॉन्टची गोष्ट: सर्वसाधारण क्यूनिफॉर्म फॉन्टातली वळणं वेगळ्या काळाची आणि वेगळ्या गावची असतात. बोआझकोयच्या विटांवरची वळणं हवी असतील तर 'उल्लिकुम्मी' हा हित्ती वळणाचा फॉन्ट घ्या. आम्ही आधी दुसराच लावला. विटेच्या फोटोशेजारी ठेवल्यावर 'शे' आणि 'श' जुळेनात, म्हणून सगळी ओळ बदलली. एक दिवस.

देवनागरीत 'रिअमशेश' लिहिलं की लोक 'शेष' वाचतात. पण तो 'श' नावाचा नाही, लेखनाच्या रिवाजाचा आहे. इजिप्तच्या 'स'साठी त्या पत्रव्यवहारात 'श' गटाची चिन्हं वापरत. म्हणून ओळीखाली चिन्हांप्रमाणे 'रि-अ-म-शे-श' आणि उच्चाराला धरून 'रिअ-मसे-स', असं दोन्ही छापलं.

२० जून

फलकाचा कच्चा प्रिंट वाचनालयात लावून ठेवला होता. दोन दिवसांत तिघांनी तोच प्रश्न विचारला: हा आपला राम ना? मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात 'रामसेस म्हणजे राम' असतंच. वाद घालण्यात अर्थ नव्हता, फलकानेच उत्तर द्यायला हवं.

उत्तर पहिल्या ओळीत आहे. सूर्याचं वर्तुळ म्हणजे रा, तो शब्द तिथेच संपला. 'म' त्याच्या शेजारच्या चिन्हातला आहे. 'राम' वेगळा काढायचा तर कोल्ह्याच्या कातड्यांना मधोमध करवत लावावी लागेल. हेच कातड्यांचं चिन्ह थुतमोसमध्ये थोथ देवाच्या मागे आणि अहमोसमध्ये चंद्राच्या मागे येतं. (तिथे अर्थ 'थोथ जन्मला', इथे 'रा-ने जन्म दिला'. रचना वेगळी आहे, आणि ग्रीकांच्या कानालाही तिथे 'मोस' आणि इथे 'मेस' ऐकू आलं.) दुसऱ्या ओळीत तर र आणि म यांच्यामध्ये 'इअ' उघड लिहिलाय. शिवाय रामसेस पहिल्याचं राजा होण्याआधीचं नाव होतं 'परामेस्सू'. त्यातला 'प' म्हणजे 'तो' अशा अर्थाचं उपपद, सरळ रा-ला चिकटलेलं.

भारताशी धागा हवाच असेल तर तो आहे आणि त्याच बोआझकोयमध्ये आहे. हित्ती आणि त्यांच्या शेजारच्या मितन्नी राज्याच्या राजांच्या सुमारे शंभर वर्षं आधीच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं साक्षीला घेतली आहेत. फलकाच्या कोपऱ्यात ही एक ओळ घातली. तेव्हापासून रामाचा प्रश्न आला तरी त्यापुढच्या गप्पा जास्त रंगतात.

२५ जून

पहिलं लेझर कटिंग. ३ मिमी अॅक्रिलिकमधून चिन्हं कापून ५.५ मिमी एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुशाचा पाटा) चिकटवायची असा बेत. १२०० रुपये पाण्यात.

सूर्य सुटला: एक कडं, एक टिकली. टिकली चिकटवताना थोडी सरकते आणि सूर्याचा डोळा तिरळा होतो. पण खरा घात कातड्यांनी केला. १२० मिमी उंचीच्या चिन्हात खालच्या शेपट्या जेमतेम दीड मिमी रुंद. किरणाने दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खाल्लं आणि उरलेलं सोलताना तुटलं. दोनदा कापलं, दोनदा तेच.

पद्धत बदलली. कापायचं नाही, एमडीएफवरच १ मिमी खोल कोरायचं आणि खाचेत रंग भरायचा.

२९ जून

कोरण्याचा क्रम, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. आधी पाट्याला सँडिंग सीलरचे दोन हात आणि मूळ रंग. वाळल्यावर सगळीकडे कागदी मास्किंग टेप, हवा न ठेवता. मग लेझर, टेपसकट. खाचेतली काजळी कोरड्या ब्रशने काढायची, ओल्या फडक्याने नाही, एमडीएफ फुगतं. आता खाचेत पुन्हा सीलरचा एक पातळ हात. आम्ही हा गाळला. उघडं एमडीएफ टीपकागदासारखा रंग पितं; तांबडा टेपखाली पसरला आणि सूर्याला मिशा फुटल्या. पॉलिश पेपर घेऊन सगळं पुन्हा. सीलरनंतर अॅक्रिलिक रंगाचे दोन हात, आणि दुसरा हात अर्धवट ओला असतानाच टेप काढायची. पूर्ण वाळू दिलात तर टेपबरोबर रंगाची कड निघून येते.

याच दिवशी आणखी एक. कोरणाऱ्याने फाइल आरशासारखी उलटवली, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचं काम काचेच्या मागून कोरायचं होतं. उलटलेली चित्रलिपी 'चूक' दिसत नाही, हीच पंचाईत. ती दोन्ही दिशांनी लिहीत. ज्यात प्राणी किंवा माणूस आहे अशा ओळीत तोंडं जिकडे, तिकडून वाचायला सुरुवात. आमच्या चार चिन्हांत तोंड असलेलं एकही नाही. खूण एकच: कार्तूशची उभी पट्टी नावाच्या शेवटी असते. ती डावीकडे दिसली आणि कळलं. उजवीकडून डावीकडे वाचायचं म्हणून तशीच ठेवली असती तर इजिप्तच्या दृष्टीने काही बिघडत नव्हतं, पण खालची देवनागरी डावीकडून जाते आणि रंग एकाखाली एक आले नसते. पाटा पुन्हा केला. कोरण्याचे पैसे निम्मे माफ झाले.

३ जुलै

हिब्रू. पाचच अक्षरं: रेश, ऐन, मेम, सामेख, सामेख. बायबलच्या 'निर्गम'मध्ये पहिल्याच अध्यायात हे नाव शहराचं म्हणून येतं. जुळणी सगळ्यात स्वच्छ इथे आहे: रेश-ऐन तांबडं, मेम-सामेख निळं, उरलेलं सामेख हिरवं. क्यूनिफॉर्मला आणि ग्रीकला जमला नाही तो 'ऐन' हिब्रूने जपला, कारण तिच्याकडे त्यासाठी अक्षर आहे.

चूक छपाईच्या फाइलमध्ये. जुन्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवल्यावर अक्षरं डावीकडून उजवीकडे मांडली गेली. हिब्रू न येणाऱ्याला काहीच खटकत नाही. तपासण्याची सोपी रीत: जुळी अक्षरं डाव्या टोकाला असायला हवीत. आमची उजव्या टोकाला होती. शब्द योग्य दिसतोय तिथेच 'कर्व्ह' करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, आणि मगच दुसऱ्या मशीनवर न्या.

६ जुलै

ग्रीकने फार त्रास दिला नाही. आठ अक्षरं, 'रामेस्सेस', मधे दोन सिग्मा (ग्रीक 'स'). शेवटचं 'एस' ग्रीक पुरुषनामाचा प्रत्यय, म्हणून राखाडी. लहान लिपीत शेवटचा सिग्मा वेगळ्या आकाराचा असतो. मोठ्या लिपीतून सॉफ्टवेअरने रूपांतर केलं तर तो कधी कधी साधाच राहतो. हाताने बदलला.

कॉप्टिकची ओळ घालायची की नाही यावर बराच खल झाला. नाव तिथे देशी परंपरेने उतरलेलं नाही, पण त्याचे दोन तुकडे जिवंत आहेत: 'रे' आणि 'मिसे'. शिवाय कॉप्टिक पंचांगातला बारावा महिना 'मेसोरे', म्हणजे 'रा-चा जन्म'. हेच दोन शब्द उलट क्रमाने, आणि पंचांगात अजून चालू. सहावी ओळ न करता तळाशी छोट्या अक्षरात घातलं.

१० जुलै

देवनागरी. सगळ्यात सोपी म्हणून शेवटी ठेवलेली ओळ.

'रामसेस' कोरलं. रा तांबडा, मसे निळं, शेवटचा स हिरवा. रंग अचूक. आणि समोर उभा राहिलेला प्रत्येकजण मोठ्याने वाचतो: राम्-सेस. रंगांकडे बघून हसतो आणि पुन्हा राम्-सेस.

दोष वाचणाऱ्यांचा नाही. मराठीत शब्दाच्या मधल्या 'म'मधला अ आपण गिळतो. 'कामगार' आपण काम्-गार म्हणतो, 'रामदास' राम्-दास. तसंच हे. वर चार ओळी करून रा-नंतरचा जोड दाखवला आणि पाचव्या ओळीत आमच्याच लेखनाने तो म-नंतर नेऊन ठेवला. मजकुरात नाव गेलं महिनाभर याच रूपात टाइप होत होतं, या नोंदींतही, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

पर्याय तीन. 'रा-मसेस': आडवी रेघ मथळ्यात विद्रूप दिसते. 'रामेस्सेस': ग्रीकच्या सर्वांत जवळ, पण 'स्स' जोडाक्षरात अर्धा स निळा आणि पूर्ण स हिरवा करावा लागतो. 'कर्व्ह' करून तोडता येतं, पण १ मिमी खोल खाचेत दोन रंगांची सीमा स्वच्छ राहत नाही. तुकड्यावर करून पाहिलं, चिखल झाला. 'रामेसेस': म-ला मात्रा मिळाली की अ गिळायला उरतच नाही, तोंड आपोआप रा-पाशी थांबतं. तिसरा घेतला. मात्रा निळ्यात.

१३ जुलै

पाचवी पट्टी नव्याने कोरली. ७५० रुपये, एक दिवस. शिरोरेषा सलग ठेवली तर रंग एकमेकांत उतरतात, म्हणून प्रत्येक रंगाच्या सीमेवर ती २ मिमी तोडली. जुनी पट्टी टाकली नाही, फलकाच्या खालच्या कडेला स्क्रूने बसवली आहे, 'हे मोठ्याने वाचा' अशा चिठ्ठीसह.

१४ जुलै

फलक भिंतीवर. वजन सुमारे साडेतीन किलो, चार स्क्रू पुरले. मथळा, पत्रक आणि फाइलची नावं यांत 'रामसेस'चं 'रामेसेस' करणं चालू आहे. शोधा-आणि-बदला वापरताना 'परामेस्सू'ला हात लागत नाही, पण बहात्तर ठिकाणी बदल करून झाल्यावर जुन्या पट्टीच्या चिठ्ठीतलंही नाव बदललं गेलं होतं. ती चिठ्ठी पुन्हा छापायची आहे.